माणूस, तार, मशीन

परवा एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोनमध्ये ‘टक्’ झालं. आवाज क्षणभर तुटला आणि परत आला. पूर्वीचा मी असतो तर लगेच कॉम्प्युटरची चार सेटिंग्ज उलटीपालटी केली असती. आता माझा हात माऊसवरून आपोआप उचलला गेला आणि मी तो मांडीवर ठेवून बसून राहिलो. काचेपलीकडून गायिकेनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. पुन्हा एकदा होऊ दे.” तिला वाटलं, मी थकलोय. थकलो होतोच, पण ते कारण नव्हतं. बिघाड दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही शिस्त मला बेहेरेबाईंनी लावली. लावताना माझी जी शोभा केली, तीही मी विसरलेलो नाही.

मंदाकिनी बेहेरे कसबा पेठेत राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी पंचवीसेक वर्षं एकच काम केलं, बिघाड शोधण्याचं. मग खडखड करणारी जुनी कपाटं गेली, त्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आणि बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या म्हणायच्या, “जुनं एक्स्चेंज आजारी पडलं की कण्हायचं तरी. हे नवीन नुसतंच गप्प बसतं.” त्यानंतर त्या कॉम्प्युटर शिकल्या, आणि पुण्यातल्या लहानसहान स्टुडिओंमध्ये आवाज तुटायला लागला की लोक एकमेकांना त्यांचा नंबर द्यायला लागले.

ते दिवसच तसे होते. हिंजवडीकडे बसगाड्या भरून जात होत्या, घरोघरी कॉम्प्युटर शिरत होता, आणि माझ्यासारखे अकोल्याहून आलेले उत्साही लोक वारज्यातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत भिंतींना फोम चिकटवून बाहेर ‘डिजिटल स्टुडिओ’ अशी पाटी लावत होते. माझं पहिलं मोठं काम म्हणजे एका शाळेच्या बालगीतांची सीडी. गाणं वाजवलं की दर दोन-तीन मिनिटांनी टक्‌टक् व्हायचं आणि शब्दाचा तुकडा गळायचा. मुलं ‘फुलपाखरू’ म्हणायची आणि त्यातलं ‘पाख’ गायब असायचं. मी इंटरनेट कॅफेत जाऊन परदेशी लोकांचे सल्ले छापून आणायचो आणि एकदम पाच-पाच अमलात आणायचो. आठ दिवसांनी ‘फुल’सुद्धा ऐकू येईना, तेव्हा मी बाईंना फोन केला.

सकाळी साडेदहाला बेल वाजली. दारात पन्नाशी उलटलेल्या बाई, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, जनगणनेवाल्या असतील.

“वानखडे आपणच?”

“हो. आपण?”

“आवाज तुमचाच तुटतोय ना? चपला कुठे काढू?”

आत येऊन त्यांनी पिशवीतून डबा, पाण्याची बाटली, एक लांबट वही आणि एक जुना वजनदार हेडफोन काढला. “गाणं चालू करा आणि बोलू नका,” म्हणाल्या. वीस मिनिटं त्या डोळे मिटून बसल्या. मध्ये स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाला तर डोळे न उघडताच म्हणाल्या, “फ्रिज. त्याचा संबंध नाही.” मग हेडफोन काढून माझ्याकडे वळल्या.

“काय काय बदललंत?”

“मॅडम, आठ दिवसांपासून सेटिंगच करून राहिलो मी.”

“आता राहू द्या. काय बदललंत ते सांगा.”

“बरंच काही.”

“लिहून ठेवलंय?”

“नाही.”

“म्हणजे आता दोन बिघाड आहेत. एक मूळचा आणि एक तुमचा. आधी तुमचा काढू.”

त्यांनी माझे सगळे प्रयोग पुसून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एक सेटिंग बदलायचं, वहीत लिहायचं, दहा मिनिटं ऐकायचं. फरक पडला नाही तर ते पूर्ववत करायचं, तेही लिहायचं, आणि मग पुढचं. “एका वेळी एकच,” हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मला डबा खातानाही भाजी आणि पोळी एकदम घ्यायची भीती वाटायला लागली. अडीच-तीनच्या सुमाराला बिघाड सापडला. वीज वाचावी म्हणून मीच कधीतरी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, काम कमी असलं की प्रोसेसरचा वेग उतरव. गाण्यातल्या शांत जागी प्रोसेसर बिचारा डुलकी काढायचा, आणि सगळी मुलं एकदम गायला लागली की दचकून जागा व्हायचा, तोपर्यंत ‘पाख’ निघून गेलेलं असायचं.

“तुम्ही त्याला झोप म्हणालात, तो झोपला,” बाई म्हणाल्या. “त्याचं काय चुकलं?”

त्यांनी प्रोसेसरचा वेग कायमचा पूर्ण ठेवला आणि सीडी तीनदा पहिल्यापासून ऐकली. एकदाही टक् झालं नाही. मला नाचावंसं वाटत होतं. बाई शांतपणे वहीत लिहीत होत्या. मी वाकून पाहिलं. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता: माणूस.

“माणूस म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही.”

ही वही त्यांच्या नोकरीतूनच आली होती. एक्स्चेंजमध्ये तक्रार बंद करताना फॉल्ट नेमका कुठे सापडला ते लिहावंच लागायचं. बिघाड आपोआप नाहीसा झाला असला तरी रकाना मोकळा ठेवायची सोय नव्हती. बाईंनी ती पद्धत तशीच पुढे चालवली. तारीख, लक्षण, काय बदललं, आणि शेवटी फॉल्ट कुठे. त्या रकान्यात तीनच शब्द येऊ शकत: माणूस, तार, मशीन. नंतर मी वही चाळली तेव्हा पानंच्या पानं ‘माणूस’ होती, अधूनमधून ‘तार’, आणि ‘मशीन’ शोधावं लागत होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, “मशीनला खोटं बोलता येत नाही, वानखडे. त्याला तेवढी अक्कल नसते.”

कॉम्प्युटरवरच्या संगीताची मुख्य अडचण त्यांनी मला एकदा पाण्यावर समजावली, आणि त्यानंतर कुठल्याही पुस्तकाची गरज पडली नाही. प्रोसेसर म्हणजे नळ. तो आवाज बादलीत भरतो, आणि आपण तांब्यानं बादलीतून घेतो. बादली लहान ठेवली तर पाणी लगेच मिळतं, पण नळ जरा कमी आला की तांब्या रिकामा वर येतो, तेच ते टक्. बादली मोठी ठेवली तर तांब्या कधीच रिकामा येत नाही, पण भरेपर्यंत ताटकळत उभं राहायचं. वाद्याची पट्टी आत्ता दाबली की सूर नंतर येणार. “तुटका आवाज हवा की उशिरा आलेला, एवढंच आपल्या हातात असतं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही नको असेल तर मग जन्म घालवावा लागतो.” हे त्या कुणाबद्दल बोलत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांच्याबरोबर मी पुढे काही ठिकाणी गेलो. वायरी ओढायला माणूस लागायचा, आणि मला शिकायचं होतं. एका आयटी कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रित धडे तयार व्हायचे, तिथेही आवाज तुटत होता. तिथल्या विभागप्रमुखानं मशीनच सदोष आहे असं वरिष्ठांना लिहून कळवलं होतं, आणि दुसरं मशीन मागवलंही होतं. बाईंनी पाऊण दिवसात शोधून काढलं की साहेब त्याच मशीनवर मागे वायरलेस इंटरनेट चालू ठेवून शेअरबाजार पाहतात आणि दर वेळी भाव हलले की आवाज अडखळतो. वायरलेस बंद केलं, आवाज सलग झाला. बाईंनी लिहिलं: माणूस.

तो गृहस्थ आधी इंग्रजीत चिडला, मग मराठीत नरमला. “मॅडम, एवढं ‘मशीन’ लिहा ना. तुमचं काय जातंय? मी वर तसं सांगून बसलोय. माझी नोकरी आहे हो.”

“नोकरीचं मला वाईट वाटतं,” बाई म्हणाल्या. “पण फॉल्ट जिथे होता तिथेच होता. तो मी कसा हलवू?”

त्या कंपनीनं त्यांना परत कधी बोलावलं नाही. त्या साहेबाचं पुढे काय झालं, माहीत नाही. परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर पाहत होत्या आणि डब्यातल्या दोन पोळ्या तशाच होत्या. मी म्हटलं, “लिहून टाकायचं होतं, बाई. कोण बघतं?” त्या म्हणाल्या, “मला काय हौस आहे का? एकदा खोटं लिहिलं की मागची सगळी पानं वाया जातात.” मला तेव्हा तो हट्ट वाटला, आणि रागही आला. माणसांच्या जगात इतकं सरळ राहून कुणाचं भलं होतं, असं मनात म्हणत मी डेक्कनला उतरलो.

बाईंची आणखी एक सवय होती. साडेचार वाजले की त्या उठायच्या. बिघाड सापडो न सापडो, हेडफोन पिशवीत. “उद्या येते.” एकदा बिघाड अगदी हाताशी आला होता, मी विनवण्या केल्या, तर म्हणाल्या, “तो काही कुठे जात नाही. मला मात्र जायचंय.” आणि गेल्या. त्या घाईत वही माझ्या टेबलावर राहिली. बाई वही विसरल्या हे इतकं नवल होतं की मी ती घेऊन कसब्यात त्यांच्या घरी गेलो.

गल्लीत तांबटाचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिन्यात असतानाच पेटीचे सूर ऐकू आले. दार उघडंच होतं. आत एक सडपातळ गृहस्थ खुर्चीवर बसून इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवत होते, कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडलेला, आणि स्पीकरमधून मात्र खऱ्याखुऱ्या जुन्या पेटीचा आवाज येत होता. डावा हात मांडीवर निर्जीव पडला होता. कॉम्प्युटरमधूनच तबल्याचा ठेका चालू होता आणि उजव्या हाताची बोटं त्यावरून सहज चालली होती. बाई मागे स्टुलावर बसून स्क्रीनवरच्या प्रोसेसरच्या भाराच्या रेषेकडे एकटक पाहत होत्या.

ते बेहेरेमास्तर, बाईंचे यजमान. गाणाऱ्यांना पेटीची साथ करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मग पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पेटी उजव्या हातानं वाजते हे खरं, पण भाता डाव्या हातानं मारावा लागतो. उजवा हात शाबूत आणि पेटी मुकी, अशी त्यांची गत झाली. बाईंनी काही दिवस स्वतः समोर बसून भाता मारून पाहिला, पण दुसऱ्याच्या श्वासावर गाता येत नाही तसं ते झालं. तेव्हा बाईंनी त्यांच्या पेटीचा एकेक सूर कॉम्प्युटरमध्ये भरून घेतला. बाई भाता मारणार, मास्तर एक पट्टी दाबून धरणार, सूर विरेपर्यंत दोघांनी श्वास रोखायचा. मग पुढची पट्टी. हळू दाबलेली, जोरात दाबलेली. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

सूर मिळाले, पण मग बादलीचा घोळ सुरू झाला. एवढे सूर वाहताना तो जुना कॉम्प्युटर धापा टाकायचा. आवाज तुटू नये म्हणून बादली मोठी केली की सूर उशिरा यायचा. “उशीर म्हणजे किती? पापणी लवेल इतका,” बाई मला चहा देताना हळू आवाजात म्हणाल्या. “पण ह्यांना वाटायचं, आपलाच हात उशिरा पडला. डावा गेला, आता उजवाही गेला. दोन दिवस जेवले नाहीत.” बाईंनी त्यासाठी प्रोसेसर शिकून घेतला. नको असलेलं एकेक काम बंद केलं, बादली एकेक पायरीनं लहान केली, दर पायरीला वहीत नोंद. एका संध्याकाळी मास्तर वाजवता वाजवता थांबले आणि म्हणाले, “आला.” सूर बोटाखाली आला होता. पुण्यातले आम्ही सगळे स्टुडिओवाले त्या एका शब्दावर जगत होतो, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी त्या दिवशी मलाही ऐकवलं. ऐकताना एका सुरावर मला स्पष्ट ‘टक्’ ऐकू आलं. आपण काय शिकलो ते दाखवायची ही संधी होती. मी बोट वर करून म्हटलं, “बाई, तुटतोय.”

मास्तर हसायला लागले, आणि बाईसुद्धा. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. “तो तुटत नाहीये, वानखडे. तो खालचा तांबट आहे. कोमल निषाद भरताना त्यानं हातोडी मारली.”

“मग परत का नाही भरला?”

“चार वेळा भरला,” मास्तर म्हणाले. “चारही वेळा त्यानं मारली. म्हटलं, त्याचीही साथ राहू दे.”

रोज सहाला मास्तर वाजवायला बसत. साडेचारचं कारण ते होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. कॉम्प्युटर इतके दणकट झाले की आवाज सहसा तुटेनासा झाला, आणि बाईंना बोलावण्याचं कारण उरलं नाही. मीही माझ्या कामात बुडालो, फोन करू करू म्हणत राहिलो. त्याची लाज वाटते. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. “वानखडे, वेळ असेल तर एकदा येऊन जा. साडेपाचपर्यंत.”

जिन्याच्या पहिल्या वळणावर बाई उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात वही. खालचा तांबट दुकान हलवून गेला होता, गल्ली शांत होती.

“ह्यांना परत उशीर जाणवतोय,” त्या म्हणाल्या. “ठेक्याच्या मागे पडतात. म्हणतात, मंदा, बादली बघ.”

“मग बघू ना.”

“बघितली. आठवडाभर बघतेय.” त्यांनी वही उघडली. पट्टीशेजारी माईक ठेवून त्यांनी पट्टी दाबल्याचा खट् आणि त्यामागून येणारा सूर, दोन्ही रेकॉर्ड केले होते आणि त्यांच्यामधलं अंतर मोजलं होतं. मास्तर ‘आला’ म्हणाले त्या संध्याकाळी जेवढं होतं, तेवढंच. तसूभर फरक नाही. एकेक सेटिंग तपासून झालं होतं, वायरी बदलून झाल्या होत्या. पानभर नोंदी होत्या आणि शेवटचा रकाना मोकळा होता. त्या वहीत मोकळा रकाना मी कधी पाहिला नव्हता.

“मशीन ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

मी पानावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले.

“रोज विचारतात, वहीत काय लिहिलंस. माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास नाही. वहीवर आहे.” त्या कठड्याला टेकल्या. त्यांना इतकं दमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “चला, वर चला.”

मास्तर कीबोर्डपाशीच बसले होते. “या वानखडे, बरं झालं आलात. हिला सापडत नाहीये.” त्यांनी ठेका लावला आणि वाजवून दाखवलं. बोटं पूर्वीसारखीच नेटकी पडत होती, पण ठेका पुढे निघून जात होता आणि ती मागून येत होती. थकलेल्या माणसाला रस्ता ओलांडताना पाहावं, तसं मला झालं. मी कॉम्प्युटरसमोर बसलो, दोन-चार ठिकाणी उगाच पाहिलं. मशीन अगदी निरोगी होतं.

“काय म्हणतंय?” मास्तरांनी विचारलं.

बाई वही उघडून उभ्या होत्या, पेन त्या रकान्यावर. त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “वानखडे, काय लिहू?”

बसमधल्या त्या उरलेल्या पोळ्या मला आठवल्या. तेव्हा ‘लिहून टाकायचं होतं’ म्हणणारा मीच होतो. आता तो खोटा शब्द मलाच सांगायचा होता.

“मशीन,” मी म्हटलं. “जुनं झालंय.”

बाईंनी लिहिलं. मास्तरांनी हात पुढे केला, तशी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पान पहिल्या ओळीपासून वाचलं, आकडे वाचले, आणि शेवटच्या शब्दावर बराच वेळ थांबले. मापं तिथेच लिहिलेली होती. कुणालाही कळली असती.

त्यांनी वही मिटून बाईंना परत दिली. “मशीन म्हातारं झालं असेल तर त्याला सांभाळून घ्यायला हवं,” ते म्हणाले. “जन्मभर दुसरं काय केलं? गाणाऱ्याचा दम कमी पडला की आपण लय उतरवायची. मंदा, ठेका जरा खाली घे. त्याला झेपत नाहीये.”

बाई माझ्या शेजारून वाकल्या आणि ठेक्याची लय एक पायरी उतरवली. मास्तरांनी मान हलवली. “अजून एक.” त्यांनी अजून एक उतरवली. बोटं आणि ठेका आता एकत्र पडायला लागले. मास्तरांचे डोळे मिटले. कोमल निषादावर टक् झालं, कधीच निघून गेलेल्या तांबटाचं.

मी चपला घालून दारातून मागे वळून पाहिलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या. स्क्रीनकडे त्यांचं लक्ष नव्हतं, त्या मास्तरांच्या हाताकडे पाहत होत्या. वही मांडीवर मिटलेली होती आणि पेन तिच्यात अडकवलेलं. लय उतरवल्याची नोंद त्यांनी केली नाही.